एका बंडीचे दोन धुरकरी

निवडणूक जिंकलेल्या पक्षात भांडणे लागतात ती मंत्रिपदांवरून, आणि हरलेल्या पक्षात लागतात ती तत्त्वांवरून, असा आपल्याकडचा अनुभव आहे. सत्ता असते तोवर तत्त्वे दिवाणखान्यातल्या थोरामोठ्यांच्या तसबिरींसारखी भिंतीवर टांगलेली असतात. हार फक्त जयंतीला. पराभव झाला की मात्र त्या खाली उतरवून, धूळ झटकून नीट न्याहाळण्याची हुक्की येते. मग वीस वर्षे एका घरात नांदलेल्या दोन भावांच्या ध्यानात येते की तसबीर एकच होती खरी, पण आपण दोघे तिच्यातल्या वेगवेगळ्या माणसांना नमस्कार करीत होतो!

अशाच एका भाऊबंदकीची ही हकीकत आहे. डाव्यांच्या फुटी आपल्या परिचयाच्या आहेत. समाजवादी किती वेळा फुटले आणि किती वेळा जुळले, हे त्यांच्यातल्या जुन्या माणसालाही बोटे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. उजव्या बाजूकडे मात्र आपण फारसे निरखून पाहत नाही. उजवे म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी, असे आपण धरून चालतो. ते तसे नाही. त्या बाजूला दोन स्वतंत्र घराणी आहेत, आणि त्यांचे खरे वैर जर कुठे पाहायचे असेल तर ते मुंबई-दिल्लीच्या परिसंवादात नव्हे, तर अमरावती-अकोल्याकडे, काळ्या जमिनीत आणि गुरांच्या बाजारात पाहावे.

पहिल्या घराण्याला आपण स्वतंत्रतावादी म्हणू. त्यांचे म्हणणे असे की, शेत माझे, माल माझा, अक्कल माझी. सरकारने रस्ते करावेत, चोर पकडावेत, न्यायालये चालवावीत आणि बाकी ठिकाणी हात आवरावा. मी काय पेरावे, कोणाला विकावे, काय खावे, हे मला सांगू नये. दुसरे घराणे परंपरावाद्यांचे. त्यांनाही सरकारने शेतावर, दुकानावर, देवस्थानाच्या जमिनीवर डोळा ठेवलेला खपत नाही. पण धर्म, चालीरीती, देशी माल आणि गोधन यांचे रक्षण करायला मात्र त्यांना सरकार हवे असते, आणि तेही चांगले दंडुकेधारी हवे असते. परवाने आणि जप्त्या यांचे राज्य समोर उभे असते तेव्हा दोघांची बोली अगदी एकसारखी ऐकू येते. "सरकार, हात काढ!" असे दोघेही ओरडतात. कुठून हात काढायचा, हे विचारायची त्या गलबल्यात कोणाला फुरसत नसते.

हा घोटाळा केवळ आपल्याकडचा नाही. ऑस्ट्रियात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक हायेक यांना जगभरचे परंपरावादी आपले गुरू मानीत. त्या गृहस्थांनी १९६० साली स्वातंत्र्यावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच्या शेवटी 'मी परंपरावादी का नाही' या विषयावर एक स्वतंत्र प्रकरणच जोडून दिले. अमेरिकेत १९६४ साली बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदाची निवडणूक दणकून हरले. त्यांच्यामागे एकवटलेल्या तरुणांची पुढे पाच वर्षांत जी जुंपली, तिची परिणती १९७१ साली स्वतंत्रतावाद्यांनी वेगळी चूल मांडण्यात झाली.

त्याच १९७१ साली आपल्याकडेही एक चूल विझत होती. तिची गोष्ट मुळात वऱ्हाडाच्या शेजारी, नागपुरात सुरू झाली. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव झाला. आता आपली जमीन जाणार, या धास्तीने देशभरचे जमीनधारक हवालदिल झाले, आणि त्याच वर्षी राजाजींनी स्वतंत्र पक्षाची स्थापना केली. ऑगस्टमध्ये मुंबईला पहिला मोठा मेळावा झाला. प्रा. रंगा अध्यक्ष, मिनू मसानी सरचिटणीस. व्यासपीठावरची मंडळी पाहिली असती तर शहाण्या माणसाने तेव्हाच भाकीत केले असते. राजाजी परवाना-राज्याचे कडवे विरोधक. पण मद्रास प्रांताचे पंतप्रधान असताना १९३७ साली सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणणारेही तेच. कन्हैयालाल मुनशी हे सोमनाथाच्या जीर्णोद्धाराचे एक प्रमुख शिल्पकार. आणि मसानी? एके काळचे समाजवादी, पुढचे पक्के व्यक्तिवादी. माणसाला सन्मानाने मरण्याचा हक्क असावा म्हणून त्यांनी १९८१ मध्ये संस्था काढली! त्यात ओरिसा, राजस्थान, गुजरातेतले संस्थानिक. त्यांच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे तनखा अबाधित राहणे.

यश मिळत होते तोवर हे सगळे खपून गेले. १९६२ साली लोकसभेत अठरा जागा, १९६७ साली चव्वेचाळीस आणि सर्वांत मोठा विरोधी पक्ष हा मान. मग १९७१ आले. जनसंघ, संघटना काँग्रेस आणि संयुक्त समाजवादी यांच्यासह आघाडी करून पक्ष लढला, आणि चव्वेचाळिसाचे आठ झाले. मसानी स्वतः राजकोटला पडले आणि त्यांनी अध्यक्षपद सोडले. पुढच्या वर्षी नाताळच्या दिवशी राजाजी गेले. १९७४ मध्ये पिलू मोदींनी पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात नेऊन विलीन केला. महाराष्ट्रातल्या शाखेने मात्र विलीन व्हायला साफ नकार दिला. मूठभर माणसे, पण त्यांचा पीळ असा की त्यांच्यातले एस. व्ही. राजू १९९६ साली उच्च न्यायालयात गेले. नोंदणी हवी असेल तर प्रत्येक पक्षाने समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी असा कायदा झाला होता; समाजवाद न मानणाऱ्याने ते खोटे लिहून द्यायचे काय, असा त्यांचा सवाल होता.

वऱ्हाडात स्वतंत्र पक्षाला पाय रोवता आले नव्हते. येथे काँग्रेसचे झाड जुने आणि त्याची सावली दाट. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन भरवणारे हे अमरावती शहर. पण स्वतंत्रतावादाचे बी रुजायला याहून चांगली जमीन दुसरी सापडली नसती. वऱ्हाडचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी कमी आणि बाजारासाठी जास्त पेरत आला आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली तेव्हा येथला कापूस सोन्याच्या भावाने मँचेस्टरला गेला, आणि तेव्हापासून दूरदेशीची लढाई, मंदी, आगगाडीचे भाडे, रुईचा भाव या गोष्टी खेड्यातल्या पारावर बोलल्या जाऊ लागल्या. जगाच्या बाजाराशी इतका जुना संबंध असलेला शेतकरी महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच. आणि हाच प्रदेश पोळ्याचा, कीर्तनाचा, गोरक्षण संस्थांचाही. अकोल्यात एका मोठ्या रस्त्याचे नावच गोरक्षण रोड आहे. त्याच अकोल्यात नवी वाणे काढणारे कृषी विद्यापीठ. दोन्ही घराणी एका गावात, शेजारीशेजारी.

या शेतकऱ्याला सरकारचा हात म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस पिकवायचा तुम्ही; विकायचा फक्त सरकारने नेमलेल्या महासंघाला. व्यापाऱ्याच्या लुटीतून सोडवण्याचा हेतू चांगलाच होता. पण मोर्शी-वरूडच्या शेतकऱ्याला मध्य प्रदेशाची हद्द हाकेच्या अंतरावर. पलीकडे भाव चांगला असला तरी आपलीच बंडी आपल्याच कापसाने भरून तिकडे नेली की तो गुन्हेगार. आपल्या शेतातला माल चोरून विकायची पाळी आली, म्हणजे दुसरे काय उरते? केंद्रावर बंड्यांच्या रांगा, प्रतवारीवरून हुज्जत आणि चुकाऱ्याची वाट पाहणे, यांत कित्येकांचे हंगाम गेले.

या रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे १९८० नंतर एक लाल बिल्ला येऊन पोचला. शरद जोशी हे टपाल खात्यातले अधिकारी, नंतर स्वित्झर्लंडमध्ये जागतिक टपाल संघटनेत. ती नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले, आणि १९७९ साली त्यांनी शेतकरी संघटना उभी केली. कांद्या-उसाचे आंदोलन वऱ्हाडात कापसाचे झाले. त्यांची मांडणी साधी होती: शेतकरी गरीब आहे तो आळशी म्हणून नव्हे, तर सरकार बंद्या, लेव्ह्या आणि आयाती करून त्याचे भाव पाडते म्हणून. अनुदानाची भीक नको, घामाचे दाम द्या. बायाबापड्या पदराला बिल्ला लावून सभांना येऊ लागल्या. आमच्यासारख्या शहरी माणसांना हे एखादे मागण्यांचे आंदोलन वाटे. ते मुळात सरकारला दूर व्हायला सांगणारे आंदोलन होते, ही गोष्ट पुष्कळांच्या फार उशिरा ध्यानात आली.

आता योगायोग पाहा. त्याच १९७९ साली भारतीय किसान संघ स्थापन झाला. संस्थापक दत्तोपंत ठेंगडी, जन्माने आर्वीचे, म्हणजे वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. संघाचे प्रचारक, भारतीय मजदूर संघाचे जनक, व्यासंगी माणूस. शेतकरी नागवला जातो आहे हे दोघांनाही मान्य. दिल्लीच्या नियोजनावर दोघांचाही विश्वास नाही. पण १९९१ च्या डंकेल मसुद्याने जागतिक व्यापाराचे दार किलकिले केले तेव्हा जोशी म्हणाले, उघडा. ठेंगडींनी त्याच वर्षी स्वदेशी जागरण मंच काढला आणि ते म्हणाले, लावून घ्या. एकाला शेतकरी हा जगात माल विकायला निघालेला उद्योजक दिसत होता, दुसऱ्याला तो राष्ट्राच्या संस्कृतीचा रखवालदार दिसत होता. तत्त्व म्हणून दोन्ही बाजूंना वजन आहे. अडचण एवढीच की शेतकरी एकच होता.

जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. नावात राजाजींचे स्मरण उघड होते. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाची दाणादाण उडाली. सभांना लोटणारी गर्दी मतपेटीपर्यंत जाताना कुठे पांगते, हे कोडे जोशींना अखेरपर्यंत सुटले नाही. (ते कोणाला सुटले आहे म्हणा!) ती निवडणूक जिंकली शिवसेना-भाजप युतीने, आणि त्याच वर्षी नव्या सरकारने विधिमंडळात एक दुरुस्ती मंजूर करून घेतली. गाईच्या हत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. आता बैल आणि वळू यांनाही ती लागू करायची होती. राष्ट्रपतींच्या संमतीसाठी ते विधेयक दिल्लीला गेले आणि तेथे वीस वर्षे पडून राहिले. एखाद्या बांधावरच्या वादाचा दावा पडून राहावा तसे.

दरम्यान दोन घराण्यांची सोयरीक झाली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जातीयवादाविरुद्ध झुंजलेले जोशी पुढे वाजपेयींच्या आघाडीकडे आले. समाजवादी जोखड काढायचे तर निदान हे लोक ते काढतील, असा त्यामागचा हिशेब. वाजपेयी सरकारने त्यांना शेतीविषयक कृतिदलाचे अध्यक्षपदही दिले. मे २००४ मध्ये ती आघाडी हरली. भाजपच्या जागा १३८ वर आल्या आणि काँग्रेसच्या १४५ झाल्या. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रही हातचा गेला. स्वतंत्र भारत पक्षाचा एकच आमदार, राजुऱ्याचे वामनराव चटप, निवडून आला.

आणि तसबिरी खाली उतरल्या. संघपरिवारातल्या संघटनांचा रोख आर्थिक धोरणावर होता. ठेंगडींनी तर सत्ता असतानाच, २००१ साली, दिल्लीच्या रामलीला मैदानावर आपल्याच सरकारच्या अर्थनीतीवर कोरडे ओढले होते. त्यांच्या मते खुलेपणाचा अतिरेक झाला. जोशींचे वर्षानुवर्षांचे म्हणणे नेमके उलटे: खुलेपणा कारखान्याच्या फाटकापर्यंत आला, शेताच्या बांधापर्यंत पोचलाच नाही. एकाच रोग्याविषयी एक वैद्य म्हणतो औषध जास्त झाले, दुसरा म्हणतो बाटलीचे बूचही उघडलेले नाही! जोशी जुलै २००४ मध्ये भाजप-सेनेच्या पाठिंब्यावर राज्यसभेत गेले, आणि त्यांचे कोल्हापूरकडचे शिष्य राजू शेट्टी यांनी ही संगत अमान्य करून स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. पुढे दहा वर्षांनी शेट्टीही त्याच आघाडीत गेले आणि तीन वर्षांत बाहेर पडले, पण ते पुराण वेगळे.

हे वाद चालले होते तेव्हा वऱ्हाडात काय चालले होते? कापसाचे कर्ज आणि आत्महत्या. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्या मदतीवर विरोधकांपैकी एकाने म्हणायचे, आणखी द्या. दुसऱ्याने म्हणायचे, देऊ नका, मोकळे करा. विरोधी पक्षाच्या एका तोंडातून दोन आवाज निघाले की सरकारचे आयतेच फावते.

राज्यसभेत जोशी भाजपच्या बाकांजवळ बसले, पण त्यांच्या पंगतीत बसले नाहीत. निवडणूक कायद्यातली समाजवादाची अट काढण्यासाठी त्यांनी खाजगी विधेयक आणले. त्याला कोणी वाली मिळाला नाही. आणि ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षणाचे विधेयक १८६ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर झाले, तो एक म्हणजे शरद जोशी. १९८६ साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरवणारा, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून 'लक्ष्मीमुक्ती' सांगणारा हा माणूस. त्यांचा आक्षेप स्त्रियांना नव्हता, मतदारसंघ आळीपाळीने राखीव करण्याच्या पद्धतीला होता. तो पटो वा न पटो, एकशे शहाऐंशींसमोर एकट्याने हात वर करायला छाती लागते. मात्र छातीच्या जोरावर पक्ष चालत नाहीत, हेही तेवढेच खरे.

खरी कसोटी लागली ती २०१५ मध्ये. दिल्लीत आणि मुंबईत दोन्हीकडे भाजपची सरकारे आली होती. वीस वर्षे पडून राहिलेल्या त्या विधेयकाला संमती मिळाली आणि मार्चपासून महाराष्ट्रात बैल कापण्यासाठी विकणे हाही गुन्हा झाला. कापणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद. शहरात या कायद्याची चर्चा झाली ती कोणी काय खावे यावरून. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंदी कायम ठेवून, बाहेरच्या राज्यातून आणलेले मांस जवळ बाळगण्याचा गुन्हा तेवढा रद्द केला, त्याचीही चर्चा त्याच अंगाने झाली. शेतकरी संघटनेने प्रश्न विचारला तो ताटाचा नव्हता, मालकीचा होता. बैल माझा. दहा वर्षे राबला, आता थकला. तो विकून जे येईल त्यात भर घालून मी नवा गोऱ्हा घेत होतो. आता तो घेणारा उरला नाही, तर माझी मालमत्ता तुम्ही किंमत न देता काढून घेतली, की नाही?

वऱ्हाडात पोळ्याला बैलाची पूजा करणारा माणूस हा हिशेब करतो, यात कोणाला विसंगती वाटेल. मला वाटत नाही. ज्याच्या घरी बैल कधी बांधलेला नाही त्यालाच पूजा आणि हिशेब ही दोन वेगळी खाती वाटतात. खुद्द सावरकरांनी गाय हा उपयुक्त पशू आहे असे लिहून ठेवले होते, आणि पवनारला बसून विनोबांनी गोवंशासाठी उपोषण मांडले होते. म्हणजे या प्रश्नावर परंपरेच्या घरातही एकमत कधीच नव्हते. परंपरावाद्यांची बाजूही ऐकायला हवी: गोधन गेले तर शेण गेले, गोठा गेला, खेड्याची घडी गेली, आणि ज्याने आयुष्यभर ओढले त्याला सुरीखाली देणे हा कृतघ्नपणा आहे. ही भावना खोटी नव्हे. प्रश्न इतकाच की त्या कृतज्ञतेचा खर्च कोणी करायचा?

हा खर्च किती, याचा आकडा पुढे सरकारनेच दिला. पण त्याआधी बियाण्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बैलाच्या बाबतीत जी रेघ पडली तीच बियाण्याच्या बाबतीत अकोल्याच्या मातीत सर्वांना दिसेल अशी आखली गेली. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली होती. त्यानंतरचे, तणनाशक सोसणारे वाण मात्र अडून राहिले. निंदणाला मजूर मिळेना, मिळाला तर परवडेना, म्हणून शेतकरी ते चोरून पेरीत. चोरून पेरायचे तर बियाणे खरे की बनावट हे विचारणार कोणाला? १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर येथे संघटनेने उघडपणे, पोलिसांना आधी कळवून, ते बियाणे पेरले. अनिल घनवट तेथे होते. पुढे संघटनेचे अध्यक्ष झालेले ललित बहाळे होते. पर्यावरण कायद्याखाली तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होता. गुन्हे नोंदले गेले. गांधींनी मीठ उचलले त्या धर्तीवर बी टाकणारी ही माणसे, आणि त्यांच्या समोर कोण? राज्यात भाजप, दिल्लीत भाजप, आणि जनुकीय पिकांना कडाडून विरोध करणारा स्वदेशी जागरण मंच. लढाई आता डाव्यांशी नव्हती. सोयऱ्याशी होती.

२०२० चे शेतीकायदे आले तेव्हा क्षणभर वाटले, जुळते आहे. घनवटांनी त्यांचे स्वागत केले, सर्वोच्च न्यायालयाच्या समितीवर काम केले, अहवाल दिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने कायदेच मागे घेतले, आणि महिन्याभरात सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे बंद केले. वऱ्हाडात आता कापसाइतकेच सोयाबीन महत्त्वाचे. ही बंदी पुढे पुन्हापुन्हा वाढत गेली.

मग जून २०२४. लोकसभेच्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी सत्तारूढ महायुतीला १७ जागा मिळाल्या. अमरावती काँग्रेसने घेतली, अकोला भाजपने राखले, यवतमाळ-वाशीम गेले. कारणे शोधताना सत्तेतल्या पुढाऱ्यांच्या तोंडूनच कांदा, कापूस, सोयाबीन ही नावे आली. स्वतंत्रतावादी गेली चाळीस वर्षे जो हिशेब मांडीत आले, तो एकदाचा मान्य झाला म्हणायचा. पण औषध? लाडक्या बहिणींना महिना दीड हजार रुपये, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला 'राज्यमाता' ही पदवी. निदान एकाच्या चोपडीतले आणि औषध दुसऱ्याच्या बटव्यातले! नोव्हेंबरात महायुती प्रचंड बहुमताने परत आली, तेव्हा औषध लागू पडले, असे म्हणायला वैद्य मोकळे.

राज्यमातेच्या निर्णयासोबतच तो आकडा आला. गोशाळेतल्या देशी गाईला सरकार दररोज पन्नास रुपये देणार. वर्षाचे झाले अठरा हजार दोनशे पन्नास. एका जनावराला निदान एवढे लागते हे सरकारने लेखी कबूल केले. समजा, अकोट किंवा दर्यापूर भागात कोणा शेतकऱ्याच्या गोठ्यात थकलेला बैल आहे. तो अजून पाच वर्षे जगला तर त्याच दराने नव्वद हजारांवर जातो. हे पैसे गोशाळेला मिळतील, शेतकऱ्याला नाहीत. आणि त्या बैलाच्या जागी नवा घ्यायचा तर तोही खर्च त्याचाच. म्हणून तो काय करतो? बैल ठेवणेच सोडून देतो आणि भाड्याचा ट्रॅक्टर बोलावतो. गोवंश वाचवण्याच्या कायद्याने गोठे रिकामे व्हावेत, हे परंपरावाद्यांनाही नको आहे. पण तसे होऊ लागले आहे, आणि त्यावर त्यांच्याकडे पन्नास रुपयांशिवाय दुसरे उत्तर दिसत नाही.

एका ठिकाणी मात्र दोघांचे गोत्र अजून जुळते. धामणगावजवळ तळेगाव दशासरला शंकरपट भरतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या तेव्हा एक घराणे म्हणाले, ही आमची परंपरा. दुसरे म्हणाले, बैल आमचा. २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना पुन्हा वाट मिळाली आणि दोघांनी मिळून गुलाल उधळला.

गुलाल फार दिवस टिकला नाही. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी राज्यभर जनावरांची खरेदी बंद ठेवली. म्हशी नेतानाही गोरक्षक गाड्या अडवतात, मारतात, असे त्यांचे गाऱ्हाणे. खरेदीदार नाही म्हटल्यावर आठवडी बाजारात जनावरे आणणाऱ्या शेतकऱ्यांवर ती परत न्यायची पाळी आली. तेव्हा गोरक्षकांविरुद्ध जाहीरपणे बोलला तो विरोधी पक्षातला कोणी नव्हे. सदाभाऊ खोत, विधान परिषदेतले सत्तारूढ बाजूचे आमदार, एके काळी शरद जोशींचा बिल्ला लावलेले. पुण्याजवळ फुरसुंगीला गोरक्षकांशी त्यांची धक्काबुक्कीही झाली. सरकारने दोन्हीकडच्यांना चर्चेला बोलावले. शेतकरी संघटनेची मागणी तिथेही जुनीच राहिली: थकलेला बैल एक तर विकू द्या, नाही तर बाजारभावाने तुम्ही विकत घ्या.